टेकडीच्या सातबाऱ्यावर आमचीही एक ओळ लिहा

मे महिन्यात सकाळी सहाला पाच लिटरचा कॅन घेऊन पुण्यातली वेताळ टेकडी चढून बघा एकदा. पाच लिटर म्हणजे पाच किलो, त्यात काय एवढं असं खाली वाटतं, अर्ध्या चढावर तो कॅन या हातातून त्या हातात जायला लागतो आणि वर पोचेपर्यंत बोटांवर मुठीचा लाल वळ उठलेला असतो. त्या पाच लिटरमध्ये दोन रोपं भिजतात, हात आखडता घेतला तर तीन. आमच्यात एक आजी आहेत, सत्तरी कधीच ओलांडलेली, त्या एक लिटरची बाटली आणतात आणि ती सगळी एकाच बहाव्याला घालतात. चार वर्षं झाली, बहावा अजून कमरेएवढा पण नाही, कारण वर माती वीतभर आणि खाली सगळा काळा कातळ, मुळांना जागा सापडायलाच दोन-तीन पावसाळे जातात. पण जगलाय. आजी त्याच्याशी बोलतात पण, ते जाऊदे.

तर या टेकडीवर आजींचा हक्क काय? कागदावर शून्य. टेकडीचा काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही खाजगी मालकांचा, त्यातून विकास आराखड्यात आखलेले रस्ते आणि बोगदे, आणि आजी त्यात कुठेच नाहीत. उद्या त्या बहाव्याच्या जागी पुलाचा खांब उभा करायचं ठरलं तर आजींना विचारायची कोणालाही गरज नाही, फार तर पेपरात हरकती-सूचना मागवणारी जाहिरात येईल, बारीक टायपात, आणि आजींनी ती वाचली तर त्या एक अर्ज करू शकतात. बस. माझं म्हणणं एवढंच आहे की जो राखतो त्याचं नाव कागदावर कुठेतरी पाहिजे, मालक म्हणून नाही, राखणदार म्हणून, आणि ते नाव लागत नाही तोवर आपण टेकड्या वाचवत नाही आहोत, फक्त मुदत वाढवून घेतोय.

हे बोललं की लगेच उत्तर येतं, अहो पण आरक्षण आहे ना तिथे, हिरवा पट्टा आहे नकाशावर, काळजी कशाला करता. मला पण आधी असंच वाटायचं. मग एकदा वकील मित्राने शांतपणे बसवून समजावलं. आपल्या राज्याचा नगररचनेचा कायदा १९६६ चा, एमआरटीपी म्हणतात त्याला, त्यातलं कलम १२७ असं आहे की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत सरकारने किंवा पालिकेने आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो की घ्या माझी जागा, आणि नोटिशीनंतरही ठरलेल्या मुदतीत, सध्या ती चोवीस महिने आहे, संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप गळून पडतं. व्यपगत होतं असा छान शब्द आहे त्याला. म्हणजे तुमच्या नकाशावरच्या बागेला, मैदानाला एक्सपायरी डेट आहे, औषधाच्या पट्टीवर असते तशी, फक्त ती छापलेली नसते. आणि पालिकेकडे पैसे नसतात, किंवा असतात पण उड्डाणपुलासाठी असतात. मालकाच्या बाजूने बघितलं तर हे कलम योग्यच आहे, एखाद्याची जमीन तुम्ही अनंत काळ अडकवून नाही ठेवू शकत. पण मग हिरवा रंग म्हणजे वाचलं या भ्रमात राहू नका एवढंच.

पुण्यातल्या बीडीपीचं उदाहरण घ्या, जैवविविधता उद्यान म्हणून जे आरक्षण आहे ते. १९९७ साली हद्दीला लागून असलेली गावं महापालिकेत आली, नंतर काही परत बाहेर गेली आणि २३ राहिली, त्या गावांच्या आराखड्यात टेकड्या आणि उतार मिळून जवळपास हजार हेक्टर जागेवर हे आरक्षण टाकायचं ठरलं. देशात एखाद्या शहराने एवढं मोठं पाऊल उचललं याचा आम्हाला त्या वेळी कोण आनंद झाला होता. मग सरकारदरबारी ते घोंगडं जे भिजत पडलं ते २०१५ पर्यंत. दरम्यान किती टक्के बांधकाम द्यायचं, चार टक्के का दहा टक्के का शून्य, यावर भांडणं. शेवटी ठरलं बांधकाम शून्य आणि मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर. ज्यांना टीडीआर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शंभर चौरस मीटर जमीन दिलीत तर आठ चौरस मीटर बांधायचा हक्क एका सर्टिफिकेटवर लिहून मिळतो, तो तुम्ही बिल्डरला विकायचा आणि बिल्डर तो दुसरीकडे वापरणार. आता मला सांगा कोणता माणूस आनंदाने शंभरावर आठ घेऊन घरी जाईल. बहुतेकांनी नाही घेतले. म्हणजे झालं काय, जागा पालिकेच्या ताब्यात आली नाही, मालकाला पैसे मिळाले नाहीत, राखायला कोणी नाही, आणि रात्री-बेरात्री पोकलेन चढतो, उतार कापतो, मुरूम जातो, पत्र्याच्या शेड उभ्या राहतात, पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे स्टँप पेपरवर विकले जातात आणि ते घेणारा कुठला तरी रिक्षावाला किंवा सिक्युरिटी गार्ड असतो ज्याची आयुष्याची पुंजी त्यात गेलेली असते. कागदावर जैवविविधता उद्यान. चालू द्या.

हरकती-सूचनांचं पण सांगतो कारण तो अनुभव प्रत्येकाने एकदा घ्यावा असा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका आरक्षण बदलाविरुद्ध आम्ही दोनशेच्या वर अर्ज जमवले, घरोघरी जाऊन, प्रत्येकाची सही, पत्ता, आणि एका सरकारी कार्यालयात नेऊन दिले, पोच घेतली शिक्क्यासकट (पोच नेहमी घ्यावी, हा आयुष्याचा धडा आहे). सुनावणीला बोलावलं ते कामाच्या दिवशी दुपारी तीनला, म्हणजे नोकरी करणारे आपोआप गळाले. उरलेल्या तीस-चाळीस लोकांना एकत्रच आत घेतलं, समोरचे साहेब मधून मधून फोन बघत होते, आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी पाण्याचं बोलायला सुरुवात केली, की टेकडीवर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून मुरतो आणि तोच खाली बोअरला लागतो, तर दुसऱ्या मिनिटाला, हो हो तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय. पुढचे. नोंदवून घेतलंय या शब्दाइतका दरवाजा बंद करणारा शब्द मराठीत नसेल. आणि मी त्या साहेबांना व्यक्ती म्हणून दोष देत नाही, कायदा त्यांना ऐकून घ्यायला सांगतो, ऐकायला नाही सांगत.

मग राहतो मोर्चा. वेताळ टेकडीसाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो लोक वेताळबाबा चौकातून चालले, बालभारती ते पौड फाटा रस्ता नको, बोगदे नकोत म्हणून, पुण्यात रस्ता नको म्हणून लोक रस्त्यावर आले हीच मोठी गंमत आणि मी पण त्यात होतो, अंगावर काटा आला होता खरं सांगतो. लहान मुलं, काठी टेकत येणारे, कॉलेजची पोरं, ज्यांनी आयुष्यात कधी घोषणा दिली नाही अशा बायका. पण मोर्चाची अडचण ही की तो रोज काढता येत नाही आणि फाइल मात्र रोज पुढे सरकते. तुम्हाला दर वेळी जिंकावं लागतं, समोरच्याला एकदाच.

मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेचं काय झालं आठवा. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री फ्लडलाइट लावून करवती सुरू झाल्या, लोक धावले, अटका झाल्या, सोमवारी ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. अडीच दिवसांत. मग सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला, आरेतली ८०० एकरांहून जास्त जागा राखीव वन करायची घोषणा, आम्ही पेढे वाटले. मग पुन्हा सरकार बदललं आणि २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेत. कोणाची बाजू बरोबर हा वाद बाजूला ठेवा क्षणभर, मेट्रो मला पण हवी आहे, मी मुंबईत लोकलने लटकत प्रवास केलेला माणूस आहे. मुद्दा हा आहे की एवढ्या सगळ्या उलटसुलटीत आरेच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांची संमती ही निर्णयाची अट कधीच नव्हती. मंत्रालय देतं, मंत्रालय घेतं.

आता ज्या गावाने हे चक्र उलटं फिरवलं त्याच्याबद्दल. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) म्हणून शंभरेक घरांचं गोंड गाव आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. गावातले देवाजी तोफा आणि गावासोबत काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल ही नावं बऱ्याच जणांनी ऐकली असतील. या गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला, आणि निर्णय घ्यायच्या आधी अभ्यास गट बसतो, लोक वाचतात, बाहेरच्या माणसाला बोलावून विचारतात. आमच्या सोसायटीत लिफ्टचा रंग ठरवायला तीन मीटिंगा आणि एक भांडण लागतं, त्यामुळे मला याचं भयंकर कौतुक आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्यांपैकी. पण कागद मिळाला म्हणून लगेच सगळं झालं असं नाही. गावाने आपल्या जंगलातला बांबू विकायचं ठरवलं तर वाहतूक परवाना द्यायला वनखातं तयार नाही, कारण बांबू झाड की गवत हा वाद! वनस्पतीशास्त्रात तो गवत, तेव्हाच्या कायद्यात झाड. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. आणि पुढे २०१३ मध्ये या लोकांनी आणखी एक गोष्ट केली जी शहरात कोणाला सांगितली तर विश्वास बसत नाही, आपापल्या शेतजमिनीची मालकी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला देऊन टाकायची. कसायचं ज्याचं त्यानेच, पण बाहेरच्याला विकायची सोय बंद. तिकडे नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने पण बाहेरच्याला जमीन विकायची नाही असा गावाचाच नियम केलाय, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीच्या जोडीला, आणि माझ्या मते त्या गावाच्या पाण्याचं जेवढं कौतुक होतं तेवढंच त्या नियमाचं पण व्हायला पाहिजे.

मेंढ्याच्या लोकांना हा हक्क आकाशातून पडलेला नव्हता. विदर्भात जुन्या मध्य प्रांतापासून निस्तार म्हणून भानगड आहे, गावाने सरकारी जंगलातून आणि पडीतून सरपण, बांबू, गवत, गुरांची चराई काय काय घ्यायचं ते निस्तार पत्रकात लिहिलेलं असायचं. दुसऱ्याच्या जमिनीवरची वाट, पाणी, मासे याबद्दलच्या गावच्या रीती वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात. आपल्या जमीन महसूल कायद्यात हे दोन्ही आजही आहे. म्हणजे मालकी एकाची आणि वहिवाट अनेकांची, आणि ती वहिवाट सरकारी कागदावर, हे आपल्याकडे कधीपासून चालत आलंय. आम्ही शहरी लोक मात्र जमीन म्हणजे एकतर माझी नाहीतर सरकारची एवढं दोनच प्रकारचं व्याकरण शिकलो.

आणि म्हणून माझा सातबाऱ्याचा हट्ट. ज्यांनी कधी सातबारा हातात घेतला असेल त्यांना माहीत असेल, त्यावर भोगवटादाराचं नाव असतं आणि शेजारी एक रकाना असतो, इतर अधिकार. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याचा रस्ता, सगळं तिथे. मालक बदलला तरी त्या रकान्यातलं नवीन मालकाच्या मागे लागतं, तो असं नाही म्हणू शकत की मी जमीन घेतली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तर टेकड्यांच्या सातबाऱ्यावर याच रकान्यात एक ओळ यावी, की ही जागा अमुक वस्तीच्या टेकडीसभेच्या राखणीखाली आहे आणि तिच्या संमतीशिवाय वापर बदलता येणार नाही. टेकडीसभा हे नाव मी आत्ता बनवलंय, आवडलं नाही तर बदला. पण ग्रामसभा जशी सगळ्या मतदारांची तशी ही, पायथ्याच्या सगळ्या मतदारांची, नुसती फिरायला येणाऱ्यांची नाही. यासाठी कायद्यात बदल लागेल, ते मला कळतं, तलाठी भाऊसाहेबांनी मनात आणलं आणि ओळ टाकली असं होणार नाही. पण वनहक्क कायदा सुद्धा कधीतरी नव्हताच की.

आता यावर येणारे आक्षेप मला तोंडपाठ आहेत. पहिला, हे सगळे टेकडीवाले म्हणजे स्पोर्ट्स शूज घातलेले खात्यापित्या घरचे, यांना सकाळी ऑक्सिजन पाहिजे म्हणून लॉ कॉलेज रोडवर लोकांनी तासभर अडकून मरायचं का. यात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही, मोर्चात माझ्या आजूबाजूला घरकाम करणाऱ्या बायका फार दिसल्या नाहीत, आणि पायथ्याच्या वस्त्यांना आम्ही आपल्या बैठकांना कधी नीट बोलावलं पण नाही, त्यांच्या बकऱ्या टेकडीवर चढल्या तर तक्रार करायला मात्र आम्ही पुढे. पण दोन किलोमीटरच्या रस्त्याने ट्रॅफिक सुटतं यावर आता पुण्यात कोणाचा विश्वास आहे? युनिव्हर्सिटी चौकातला पूल बांधला, पाडला, परत बांधायला घेतला. बस वाढवा म्हटलं की पैसे नाहीत आणि टेकडी फोडायची म्हटलं की आहेत.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, की समाज म्हणजे काही देवमाणसांची टोळी नाही, समाजाकडे दिलं की वाचतंच असं कोणी सांगितलं. बरोबर. गोव्यात गावकरी म्हणजे कोमुनिदाद ही पोर्तुगीजांच्या आधीपासूनची व्यवस्था, जमीन अख्ख्या गावाची, शेतं लिलावाने कसायला द्यायची आणि नफ्याचा वाटा गावकारांना, आणि आज त्याच कोमुनिदादच्या जमिनींवर अतिक्रमणांचे खटले चालू आहेत. देवरायांचं पण तेच, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात फिरून फिरून त्यांच्या नोंदी केल्या, देवाच्या धाकाने शतकानुशतकं कुऱ्हाड न लागलेली रानं, आणि आता देऊळ आरसीसीचं करायचं म्हणून गावानेच तोडलेल्या देवराया मी स्वतः बघितल्या आहेत, ग्रॅनाइट बसवलंय आत, बाहेर पेव्हर ब्लॉक आणि मध्ये एक एकटं जुनं झाड शेंदूर फासून उभं. पण दुसरीकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला भालांडेश्वराची राई आहे, जेमतेम अडीच हेक्टर, रानटी जायफळाच्या कुळातली झाडं पाण्यात उभी असलेली दुर्मीळ दलदल, ती लोकांच्या श्रद्धेने टिकली आणि मग सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मला यातून एवढं दिसतं की नुसता धाक पुरत नाही आणि नुसता जीआर पण पुरत नाही, गावाचा नियम आणि सरकारी कागद दोन्ही एकमेकांना बांधलेले पाहिजेत. आणि टेकडीसभेच्या हातात राखायचा हक्क द्या, विकायचा देऊ नका, ठराव कितीही मतांनी झाला तरी.

तसं कागदावर लोकसहभाग भरपूर आहे हो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत एक समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. वर्षानुवर्षं कोणी हललं नाही, मग हरित लवादाने दम दिला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत करा नाहीतर राज्यांनी महिन्याला दहा लाख भरा, आणि काय सांगू, नोंदवह्यांचा पूर आला. तुमच्या गावची कधी मागून बघा. त्यातली किती झाडं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलीत ते वाचताक्षणी कळतं.

राखणं म्हणजे काय हे पण आम्हाला शिकावं लागलं, तेही उशिरा. टेकडी म्हणलं की जुलैमध्ये खड्डा खणायचा, रोप लावायचं, फोटो काढायचा. आता जुने जाणकार सांगतात की पुण्याच्या टेकड्या म्हणजे काही कोकणातलं रान नव्हे, इथे मुळात गवत, खुरटी झुडपं, मध्ये मध्ये सालईसारखी झाडं, मोकळं माळरान, आणि त्या मोकळेपणावरच तित्तिर, रातवा असले पक्षी जगतात. पूर्वी हिरवं दिसावं म्हणून उंदीरमारी लावून टाकली, गिरिपुष्प असं गोड नाव आहे तिला, ती पटापट वाढते खरी पण अख्खे उतार व्यापून बसलीय आणि तिच्याखाली आपलं गवत धड येत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी उत्साहाने चांगल्या गवताळ पट्ट्यात खड्डे घेतलेत, आता लाज वाटते.

आणि मग वणवा. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळून पापडासारखं होतं, कोणीतरी बिडी टाकतं किंवा मुद्दाम लावतं, आणि संध्याकाळी खालून केशरी रेघ दिसते. आपण धावत वर जायचं, ओल्या पाल्याची फांदी तोडायची आणि झोडपायचं, वारा पाठीवर घेऊन, तोंडावर कधीच नाही. पाणी न्यायला वेळच नसतो. हे टाळायला थंडी संपायच्या आत जाळरेषा काढावी लागते, म्हणजे गवताचा पट्टा कापून मोकळी रेघ ठेवायची, हे फालतू दिसणारं कंटाळवाणं काम आहे, त्याला फोटो नाही, उद्घाटन नाही, आणि टेकडी प्रत्यक्षात याच कामावर टिकते. आता हे कोण करणार? आरक्षण करणार नाही. ज्याला ती आपली वाटते तोच करतो, आणि त्याला करताना कोणी विचारलं तुम्ही कोण, तर दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. मागच्या वर्षी आम्ही गवत कापत होतो तर एकाने पोलिसांना फोन केला की टेकडी साफ करून प्लॉटिंग चाललंय. खरं तर त्या माणसाला मी मनातून सलाम केला.

पैशाचं बोलल्याशिवाय हे सगळं थोतांड आहे हे मला मान्य आहे. टेकडीसमोरच्या बिल्डिंगीत हिल व्ह्यू म्हणून फ्लॅटला जास्त भाव लागतो, तो बिल्डरच्या खिशात जातो, मग फ्लॅटवाल्याच्या. ज्याच्या जमिनीचा तो व्ह्यू आहे त्याला छदाम नाही. आपल्या मिळकतकराच्या बिलात वृक्षकर म्हणून एक ओळ आधीपासून आहे, किती जणांनी बघितलीय माहीत नाही, तो पैसा आणि टेकडीलगतच्या बांधकामांकडून येणाऱ्या अधिमूल्यातला, म्हणजे प्रीमियममधला, हिस्सा मिळून एक स्वतंत्र फंड का नाही होऊ शकत, आणि त्यातून मालकाला दरवर्षी भाडं का नाही देता येणार, शेतजमीन खंडाने घेतात तसं. बांधायचं नाही त्याचा खंड. एकरकमी विकत घ्यायला पालिकेला झेपत नाही ना, मग दरसाल द्या, पण द्या. आठ टक्क्यांचं सर्टिफिकेट हातात ठेवून त्याला पर्यावरणाचं महत्त्व सांगू नका.

हे मी सांगतोय पण मला हे शिकवलं एका जमीनमालकानेच. बाणेर-पाषाणकडच्या टेकडीवर यांची वडिलोपार्जित जमीन आहे, बीडीपीत अडकलेली, आम्ही अण्णा म्हणतो त्यांना. पहिल्या भेटीत त्यांनी मला उभा-आडवा घेतला. म्हणाले, "साहेब, खालची शेतं आमचीच होती, ती गेली, त्यावर तुमच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या. वरच्या माळावर आमच्या आजोबांनी गुरं चारली, गवताचे भारे विकले. तुम्ही आमच्या शेतात राहून आम्हालाच सांगणार का, की वरचं विकू नका म्हणून? हवा तुम्ही खाणार आणि बिल आम्ही भरणार?" मी काय बोलणार. चहा संपेपर्यंत गप्प बसलो.

मागच्या महिन्यात परत गेलो होतो, खंडाची आणि त्या ओळीची कल्पना त्यांच्यापुढे मांडायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला, मोबाइलवर डिजिटल सातबारा उघडला आणि माझ्यापुढे धरला. भोगवटादार सतरा. त्यातले तीन वारलेले, दोन बहिणी सासरी, एक पुतण्या दुबईत. "वारलेल्यांचे वारस धरून या सतरा जणांना पटवाल का आधी? खंड दिला तर बारा तयार होतील, पाच नाही होणार, मला नावं पण माहितीयत." मग बोटाने स्क्रीन सरकवत इतर अधिकारच्या रकान्याशी आले. तिथे विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा, आठशे रुपये, १९७४ सालचा. म्हटलं हे काय. तर म्हणे आजोबांनी बैलासाठी काढलेलं कर्ज, दोन वर्षांत फेडलं, बोजा उतरवायचा राहून गेला, वडिलांनी अर्ज केले, मी अर्ज केले, संगणकीकरण झालं तेव्हा वाटलं आता जाईल, तर त्यात पण तसाच उतरला. "पन्नास वर्षं झाली साहेब. बैल मेला, आजोबा गेले, ती सोसायटी पण राहिली नाही." आणि मोठ्याने हसले. "तुमची ओळ या रकान्यात चढवून घ्या एकदा, मग बघू कोणता बिल्डर उतरवतो ते."